अंधार फुकट मिळतो

रहस्यपटात दाखवायच्या गोष्टींपेक्षा न दाखवायच्या गोष्टींना जास्त मान असतो. न दाखवलेल्या गोष्टीचे भाडे द्यावे लागत नाही, तिला दुपारचे जेवण लागत नाही, आणि चित्रीकरण अर्ध्यावर टाकून ती मामेभावाच्या लग्नाला निघूनही जात नाही. म्हणून ज्यांच्या खिशात पैसे नसतात असे चित्रपटकार जगभर याच प्रकाराकडे वळतात. पौराणिक चित्रपटाला हत्ती लागतात, कौटुंबिक चित्रपटाला भरलेले घर लागते, प्रेमकथेला निदान दोन देखणी माणसे लागतात. रहस्यपटाचे मात्र एक घर, एक दार आणि दारामागे कोण आहे ते शेवटपर्यंत न सांगण्याचा हट्ट एवढ्यावर भागते. अशा चित्रपटकाराला ‘स्वतंत्र’ म्हणतात, कारण त्याच्याकडे निर्माता फिरकलेला नसतो.

या शास्त्राचा पाया भल्याभल्यांनी काटकसरीतूनच घातला आहे. हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ काढला तेव्हा त्याचे नाव जगभर होते, पण स्टुडिओने हात आखडता घेतला. मग त्याने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेची माणसे कामाला लावली, कृष्णधवल फिल्म घेतली आणि सुमारे आठ लाख डॉलरमध्ये चित्रपट उरकला. न्हाणीघरातल्या त्या प्रसिद्ध खुनात वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते. ख्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ (१९९८) सुमारे सहा हजार डॉलरमध्ये झाला. नट नोकरदार असल्यामुळे चित्रीकरण शनिवारी व्हायचे आणि ते जवळजवळ वर्षभर चालले. दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून खिडकीतून येईल त्या उजेडावर काम भागवले. पुढे समीक्षकांना त्यात शैली दिसली. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन नटांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांना आठ दिवस जंगलात फिरवले आणि भीती खरी वाटावी म्हणून रोज जेवण थोडे थोडे कमी केले. ज्या शहराकडे पुढे वळायचे आहे त्या जबलपुरात हे तंत्र चालणार नाही. येथे नट उपाशी राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याची आई डबा घेऊन येते आणि दिग्दर्शकाच्या आईकडेही तक्रार पोहोचते.

हिंदीत यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) हातातला दुसरा चित्रपट अडकल्यामुळे मधल्या रिकाम्या वेळात, महिनाभराच्या आत तयार झाला. बहुतेक कथा एका घरात घडते आणि गाणे एकही नाही. राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’मध्ये (१९९९) एक घर, तीन माणसे आणि बाहेर पाऊस एवढाच संसार आहे. श्रीनिवास सुंदरराजन यांचा ‘द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट’ (२०१०) चाळीस हजार रुपयांत झाल्याचे सांगतात; आज एवढ्या पैशांत मध्यमवर्गीय लग्नाचा अल्बमही होत नाही. मराठीत राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला, त्यावरून दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. पण मराठी उदाहरणे येथे वेगळी काढून दाखवण्यात अर्थ नाही. कमी खर्च हा चित्रपटाचा खास प्रकार असतो हे मराठी चित्रपटसृष्टीला फार उशिरा कळले. तोवर तिला तो चित्रपटाचाच गुणधर्म वाटत होता.

आता जबलपूर. ज्याला पैशावाचून रहस्यपट काढायचा आहे, त्याच्यासाठी हे शहर देवाने सवडीने बांधले असावे. नदी आहे, भेडाघाटची संगमरवराची घळ आहे, टेकडीवर पडका किल्ला आहे, इंग्रजी अमदानीतले बंगले आहेत आणि मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय १९५६पासून येथेच आहे. म्हणजे खून, प्रेत, खजिना आणि निकाल या चारही गोष्टींची सोय रिक्षाच्या टप्प्यात होते.

शिवाय गावाला या धंद्याची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम याच भागातून चालवली. माफीचा साक्षीदार फोडायचा, त्याच्याकडून साथीदारांची नावे काढायची, वंशावळी लिहायच्या आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याला धरायचे, ही त्याची पद्धत होती. शरण आलेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना पुढे जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे करायला बसवले. ठगांचे हत्यार म्हणजे रुमाल. खर्चाच्या दृष्टीने त्यावर आजवर कोणालाही मात करता आलेली नाही. ठगांची संघटना खरोखर तेवढी अफाट होती, की स्लीमनच्या अहवालांनी ती तशी केली, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. त्या हिशेबाने पहिला जबलपुरी पटकथाकारही स्लीमनच म्हणायला हरकत नाही. त्याच्या मोहिमेवर बेतलेल्या जॉन मास्टर्सच्या कादंबरीवरून १९८८ साली ‘द डिसीव्हर्स’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. त्याचे चित्रीकरण राजस्थानात झाले.

जबलपुराने याचे वाईट वाटून घेतले नाही, कारण अदलाबदल येथे जुनीच आहे. ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या चित्रपटाचा काही भाग भेडाघाटला चित्रित झाला; त्यात पडद्यावर दिसते ती नर्मदा. ‘मोहेंजो दारो’मध्ये (२०१६) हृतिक रोशन ज्या पाण्यात मगरीशी झुंजतो तेही भेडाघाटचे, म्हणजे येथे नर्मदा सिंधूच्या वेषात आहे. गंगा आणि सिंधू अशा दोन मोठ्या भूमिका वठवूनही या नदीला स्वतःच्या नावाने काम क्वचितच मिळते. स्थानिक चित्रपटकार ही उणीव भरून काढतो. त्याच्या चित्रपटात नर्मदा नर्मदाच असते, कारण तिला दुसरे काही करून दाखवण्याइतके पैसे त्याच्याजवळ नसतात.

भेडाघाटची घळ रहस्याला फार सोयीची आहे. दोन्ही बाजूंनी उभे पांढरे, करडे, निळसर कडे, मध्ये संथ आणि खोल पाणी, आणि एका ठिकाणी कडे इतके जवळ येतात की त्या जागेला ‘बंदर कूदनी’ म्हणतात. माकड तेथून उडी मारते की नाही ठाऊक नाही, पण पटकथेतला खलनायक नेमकी तेथेच मारतो. अडचण एकच, ती म्हणजे नावाडी. भेडाघाटचे नावाडी पर्यटकांना फिरवताना यमके जुळवत अखंड समालोचन करतात: हा दगड कोणासारखा दिसतो, येथे कोणत्या नायिकेचे गाणे झाले, हे सगळे त्यात येते. ही पिढीजात कला आहे आणि कॅमेरा चालू आहे म्हणून ती थांबत नाही. नायक संशयिताच्या मागावर नावेत बसला की नावाडी दोघांनाही राज कपूर कोठे उभा होता ते दाखवतो. दिग्दर्शकाने गप्प राहायची विनंती केली तर तो गप्प राहतो, पण मग त्याचा चेहरा असा होतो की प्रेक्षकाला खुनी तोच वाटतो. काही पटकथा त्यामुळेच ऐनवेळी बदलतात, आणि सहसा सुधारतात.

काठावरून दृश्य घ्यावे तर तेथे परिक्रमावासी असतात. पांढऱ्या कपड्यांतली, पाठीला पडशी लावलेली ही माणसे नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालत राहतात आणि समोर येईल त्याला ‘नर्मदे हर’ म्हणतात. पाठीमागे प्रेत ओढत निघालेल्या खुन्यालाही म्हणतात. आता ‘नर्मदे हर’ला ‘नर्मदे हर’ असेच उत्तर द्यायचे, ही रीत जबलपूरच्या माणसाच्या अंगात इतकी मुरलेली आहे की नट भूमिकेत कितीही शिरलेला असो, प्रेताचे पाय खाली ठेवून तो हात जोडतो. असे तुकडे पुढे संकलनात काढावे लागतात. न काढता ठेवले असते तर त्या खुन्याच्या स्वभावाला केवढी खोली आली असती.

चित्रीकरणाचा मुहूर्त हा या विषयातला सर्वांत अवघड भाग, कारण त्यात खगोल, धर्म आणि किराणा एकत्र येतात. कमी खर्चाच्या चित्रपटाचा कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणवाल्याचा असतो. दिवे त्याचे, गिंबल त्याचा, ड्रोन त्याचा, आणि अनेकदा छायालेखकही तोच. त्यामुळे लग्नसराईत चित्रपट बंद. लग्ने थांबतात ती आषाढातल्या देवशयनी एकादशीपासून कार्तिकातल्या प्रबोधिनीपर्यंत. कॅमेरा मोकळा झाला म्हणून आनंदाने भेडाघाटला जावे तर पावसाळ्यात नर्मदा फुगलेली असते आणि नौकाविहार बंद असतो. पाणी उतरून नावा सुरू होतात तोवर नवरात्र येते. जबलपूरचा दुर्गोत्सव आणि दसऱ्याचा चल समारोह, म्हणजे मिरवणूक, मोठी असल्यामुळे त्या काळात नायक मंडळाचा खजिनदार असतो आणि खलनायक देखाव्याच्या विजेची जोडणी पाहत असतो. मग दिवाळी. मग पुन्हा लग्ने.

उरतो एकच काळ, धनुर्मास. हिंदी भाषक त्याला खरमास म्हणतात. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्ने नसतात, कॅमेरा मोकळा असतो, नदी शांत असते आणि नावा चालू असतात. जबलपूरचे रहस्यपट जमले तर याच महिनाभरात जमतात. या चित्रपटांतली सगळी माणसे, खुनी असोत की प्रेत, स्वेटर घालून का असतात, याचे उत्तर येथे आहे. खुनी मफलरने तोंड झाकतो त्यामागे कटकारस्थान नसून थंडी असते. साक्षीदाराला तो ओळखता येत नाही, कारण त्या दिवशी सगळ्या गावाने तोंडाला मफलर गुंडाळलेला असतो. संशयितांची संख्या अशी आपोआप आणि विनाखर्च वाढते. गूढ धुकेही पहाटे फुकट मिळते. फक्त पहाटे उठणारा नट मिळत नाही.

घराचा प्रश्न नातेवाइकांकडून सुटतो. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७पर्यंत जबलपुरावर होता. त्या काळी आलेली, आणि पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे शहरात बरीच आहेत. यातल्या कोणाचे ना कोणाचे जुने घर रिकामे असते, कारण मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून लांब गेलेली असतात आणि घरात एकट्या आत्या राहत असतात. अशा घरात लाकडी जिना, करकरणारे दार, बंद पडलेले लंबकाचे घड्याळ आणि काळे पडलेले पूर्वजांचे फोटो मुळातच असतात. कलादिग्दर्शकाला करायला काही उरत नाही, म्हणून तो नसतोच. आत्यांची अट मात्र असते. “खून करायचा तो मागच्या अंगणात करा रे, पुढे तुळस आहे. आणि झाला की भांडी पालथी घालून जा.” परवानगीची प्रक्रिया इतकीच. त्या बदल्यात आत्यांना एक छोटी भूमिका द्यावी लागते. ती छोटी राहत नाही.

जेवणही त्याच घरातून निघते, पण सकाळच्या न्याहारीची सोय बाहेरून करावी लागते. पोहे-जिलबी हा चित्रपटाच्या खर्चातला पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा भाग. जबलपूरला खव्याची जिलबी मिळते, काळपट आणि जड. ती खाल्ल्यावर पाठलागाचे दृश्य घेऊ नये, हा नियम प्रत्येक दिग्दर्शक पहिल्याच दिवशी स्वतःच्या अनुभवाने शिकतो. नायक धापा टाकतो ते अभिनय म्हणून खपते. खुनीही थांबून कमरेवर हात ठेवतो तेव्हा संगीत वाढवावे लागते.

नटांचे दोन वर्ग पडतात. पहिला रंगभूमीवरचा. जबलपुरात नाटकाची चळवळ जुनी आहे. ‘विवेचना’सारख्या संस्थांनी येथे पिढ्या घडवल्या, आणि रघुवीर यादव हा याच जिल्ह्याचा माणूस. या वर्गातला नट कसलेला असतो, पण त्याची कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत जाते. “कोणाला सांगू नकोस” हे वाक्य तो असे म्हणतो की गल्लीतल्या सगळ्यांना कळते. दुसरा वर्ग गणेशोत्सवातल्या एकांकिकांचा. यांना पाठांतर उत्तम असते, फक्त ते सगळ्यांच्या संवादांचे असते, त्यामुळे समोरचा बोलताना यांचे ओठ हलतात. उलटतपासणीच्या दृश्यात हा दोष फार उपयोगी पडतो; आरोपीला प्रश्न आधीच ठाऊक आहेत असे दिसते आणि प्रेक्षक पुढे सरसावून बसतो.

न बोलणारे पात्र सर्वांत स्वस्त, आणि त्यातही शहराचा वारसा मोठा आहे. नट प्रेमनाथ हा जबलपूरचा. येथली एम्पायर टॉकीज त्याने विकत घेतली होती. लहानपणी बिनतिकीट घुसल्याबद्दल तेथून हाकलले गेल्याचा तो सूड होता, अशी कथा गावात चवीने सांगतात. ‘कर्ज’मधला (१९८०) त्याचा सर जुडा एक शब्द बोलत नाही, पेल्यावर बोटांनी टकटक करतो आणि हुजऱ्या त्याचा अर्थ सांगतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च वाचवण्याचा याहून रुबाबदार मार्ग हिंदी पडद्याने पाहिलेला नाही. तेव्हापासून जबलपूरच्या होतकरू चित्रपटांत मुका खलनायक वारंवार आढळतो. पेल्याऐवजी स्टीलचे फुलपात्र असते, एवढाच फरक.

हत्यारांची अडचण जरा विचित्र आहे. या शहरात गन कॅरेज फॅक्टरी १९०४पासून आहे, तेथे ‘धनुष’ तोफ तयार होते. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे, व्हेइकल फॅक्टरीतून लष्कराचे ट्रक निघतात. एवढ्या शस्त्रागाराच्या सावलीत राहून चित्रपटकाराला एक पिस्तूल मिळत नाही. शेवटी पुतण्याचे प्लॅस्टिकचे आणून काळे रंगवतात. कारखान्यात नोकरीला असलेला काका ते हातात घेऊन त्याची नळी, चाप आणि दस्ता यांतल्या चुका शांतपणे सांगतो आणि उरलेल्या दिवसांत सेटवर कोणाचाच त्या पिस्तुलावर विश्वास उरत नाही. गोळीचा आवाज वेगळा मिळवावा लागत नाही, कारण खमरियाच्या बाजूला तोफांची चाचणी चालते. पण ती पटकथेच्या वेळापत्रकाने होत नाही. प्रेमाच्या कबुलीच्या क्षणी धडाका होतो आणि खुनाच्या क्षणी शांतता. लष्करी हद्दीत छायाचित्रणाला मनाई असल्याचे फलक जागोजाग आहेत, तेव्हा कॅमेरा कोणत्या दिशेला वळवायचा नाही याचा नकाशा छायालेखकाला पाठ असावा लागतो. हेरगिरीवरचा चित्रपट काढताना हेर म्हणून पकडले जाणे कथेला पूरक असले तरी महिनाभराच्या वेळापत्रकात बसत नाही.

मांजराबद्दल थोडे. रहस्यपटाला काळे मांजर लागते असा समज आहे. भारतात चित्रपटात प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी घ्यावी लागते. परवानगीचा खटाटोप मांजराच्या भूमिकेपेक्षा मोठा होतो, म्हणून जबलपुरी रहस्यपटात मांजर फक्त ऐकू येते. ते सहसा सहायक दिग्दर्शक असतो. सिगारेटचेही असेच. पडद्यावर ती पेटली की खाली आरोग्याचा इशारा द्यावा लागतो, आणि अंधाऱ्या खोलीत खुनी पहिला झुरका घेतो त्या क्षणी प्रेक्षक त्याच्या फुप्फुसांची काळजी करू लागतो. परिणामी येथले खुनी निर्व्यसनी असतात. विचार करायचा झाला तर ते बडीशेप चघळतात.

पोलीस निरीक्षक हे पात्र जबलपुरात उभे करणे धोक्याचे आहे. हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई याच गावात राहिले, येथेच १९९५ साली वारले, आणि जाण्यापूर्वी ‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’ लिहून गेले. चंद्रावरच्या पोलिसांना गुन्हेगार कसे ‘शोधून काढायचे’ ते शिकवायला जाणारा हा मातादीन इथल्या वाचकांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की गंभीर चेहऱ्याचा कोणताही निरीक्षक पडद्यावर आला की प्रेक्षागृहात खसखस पिकते. दिग्दर्शकाने कितीही गडद प्रकाशयोजना केली तरी उपयोग होत नाही. न्यायालयाचे दृश्य त्यामानाने सोपे पडते, कारण काळे कोट गावात मुबलक आहेत. पण खरे वकील कामाला घेतले की ते संवाद दुरुस्त करतात. १ जुलै २०२४पासून खुनाचे कलम ३०२ राहिले नाही. भारतीय न्याय संहितेत ते १०३ झाले. ‘दफा तीन सौ दो’ या चार शब्दांवर हिंदी चित्रपटांचे कितीतरी शेवट उभे होते. ‘एक सौ तीन’ ऐकून आरोपी दचकत नाही, त्याला तो खोलीचा क्रमांक वाटतो.

पटकथेचा विचार मुद्दाम शेवटी ठेवला आहे. प्रत्यक्षातही तो तेव्हाच होतो. वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचलेले, मुलाने मोबाइलवर कोरियन मालिका पाहिलेल्या, आणि दोन्हींच्या मध्ये मदन महाल. या गोंडकालीन किल्ल्याजवळ नऊ लाखांची जमा आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. खजिन्याची कथा अशी तयार मिळते, मात्र कथेतल्या खजिन्याची रक्कम चित्रपटाच्या भांडवलापेक्षा मोठी असल्याने लेखकाचे लक्ष अधूनमधून विचलित होते. किल्ल्याच्या वाटेवर एक प्रसिद्ध तोललेली शिळा आहे. केवढा तरी मोठा दगड दुसऱ्या दगडावर बोटभर जागेत टेकलेला आहे आणि १९९७ सालच्या भूकंपातही तो हलला नाही. जबलपुरी पटकथा अशीच असते. सगळा डोलारा एका योगायोगावर टेकलेला, आणि आश्चर्य म्हणजे पडत नाही. पडू नये म्हणून जुळा भाऊ ठेवलेला असतो. जुळ्या भावाला वेगळा नट लागत नाही, हा त्याचा मुख्य गुण.

पूर्ण झालेल्या चित्रपटाचे पुढे काय होते, हे लवकर सांगून होते. राज्याने २०२०मध्ये चित्रपट पर्यटन धोरण आणले आणि अनुदानाची वाट मोकळी केली. अनुदान मिळते ते चित्रपट झाल्यावर, आणि चित्रपट होण्यासाठी पैसे लागतात ते आधी. तेव्हा त्याचा लाभ मुख्यतः ज्यांना त्याची गरज नाही त्यांना होतो. एखाद्या चित्रपटगृहात सकाळचा एक खेळ लागतो. सगळे नातेवाईक येतात. खुनी कोण हे त्यांना ठाऊक असते, कारण तो त्यांच्याच डायनिंग टेबलवर संवाद पाठ करत होता. तरीही तो पकडला जातो तेव्हा टाळ्या पडतात आणि मागून कोणीतरी जबलपुरी थाटात “वा बड्डे!”, म्हणजे “वा दादा!”, म्हणून ओरडतो. नंतर चित्रपट यूट्यूबवर जातो. तेथे पहिली प्रतिक्रिया देणारा भला माणूस खुन्याचे नाव लिहूनच सुरुवात करतो.

जबलपुरात घडणारी सर्वांत उत्तम आणि सर्वांत कमी खर्चाची रहस्यकथा मात्र अजून कोणत्याही स्थानिक चित्रपटाला मागे टाकता आलेली नाही. तीही परसाईंचीच, ‘भोलाराम का जीव’. घमापूर मोहल्ल्यात नाल्याकाठच्या दीड खोलीत राहणारा एक निवृत्त कर्मचारी मरतो. यमदूत त्याचा जीव घेऊन निघतो आणि वाटेत जीव नाहीसा होतो. शोधासाठी खुद्द नारदमुनी जबलपूरला येतात. प्रेत नाही, खुनी नाही, पिस्तूल नाही, मांजर नाही. आहे ती एक विधवा, एक सरकारी कचेरी आणि एक वीणा. मुंबईहून काहीही मागवायची गरज नाही. जीव शेवटी कोठे सापडतो हे येथे सांगणे या शास्त्राच्या पहिल्या नियमाविरुद्ध होईल. कथा चार-पाच पानांची आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ती वाचावी, आणि ज्यांनी वाचली आहे त्यांनी कृपया शेजारच्याला शेवट सांगू नये.